कुलरचा शॉक, नळाचं अर्थिंग आणि नगरपरिषदेतली एक ओळ

११ मे २०२४, शनिवार. दोन दिवसांवर लोकसभेचं मतदान, पारा पंचेचाळीसच्या आसपास. दुपारी एकच्या सुमाराला कुलरमध्ये पाणी ओतता ओतता आई मागे फेकली गेली. बादली हॉलभर सांडली. मी आतून धावत आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे. कुलर चालूच होता.

पहिली टीप इथेच सांगते, कारण त्या क्षणी मलाही सुचलं नव्हतं. आधी मेन स्विच बंद करायचा, मग माणसाला हात लावायचा. माझं नशीब की आई आपोआप सुटली होती.

ईसीजी काढला, रात्रभर दवाखान्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी घरी आणलं. आमच्या आळीतले वायरमन आप्पा संध्याकाळी आले. टेस्टर कुलरच्या पत्र्याला लावला तर तो लख्ख पेटला. मग त्यांनी बोर्ड उघडला. थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकामागे हिरवी वायर, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर, व्यवस्थित कसलेली होती. ती धरून धरून ते मागच्या मोरीपर्यंत गेले आणि तिथे उकिडवे बसून हसायलाच लागले.

"ताई, आठे अर्थिंगच नही शे. वायर शे, पन ती जमीनमा गयेल नही शे."

घर वडिलांनी १९८८ साली बांधलं. तेव्हाच्या मिस्त्रीने अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळून दिली होती. त्या काळी सर्रास असंच करायचे, आणि पाइप जमिनीत बरंच अंतर जात असल्याने ते चालूनही जायचं. २००९ मध्ये आम्ही गंजलेली लाइन काढून पीव्हीसी टाकली. प्लंबरने तारेचा वेढा सोडवला आणि तो तसाच नव्या प्लास्टिकच्या पाइपला नीट गुंडाळून ठेवला. किती काळजीने! पंधरा वर्षं आमच्या घराचं अर्थिंग प्लास्टिकला बांधलेलं होतं आणि आम्ही त्यावर फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन चालवत होतो. तुमच्या घरात नळाची लाइन बदलली असेल तर आज संध्याकाळी एवढं एक बघाच.

मेन बोर्डाची कथा वेगळी. किटकॅटमध्ये, म्हणजे जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये, फ्यूजवायरच्या जागी कुणीतरी जाड तांब्याचा पदर टाकला होता. कोणी म्हणजे कोणी का, मीच टाकला असणार, २०१५ च्या उन्हाळ्यात. सारखा फ्यूज उडायचा म्हणून.

तर घर दुरुस्त करायचं हे ठरलं. पण डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. आमच्या आळीत त्या वर्षी तीन नवी घरं चालू होती. त्यांचं वायरिंग कोण बघतं? नगरपरिषद नकाशा पास करते, पूर्णत्वाचा दाखला देते. मग विजेच्या सुरक्षेचे नवे नियम आले की ते आमच्या गावाला कधी, कोण आणि कसे लागू करतं? पुढचं वर्षभर मी या एका प्रश्नामागे फिरले. तुम्हाला एवढं फिरावं लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात मूर्खपणाने झाली. इंटरनेटवर 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड २०२३' शोधलं, भलीमोठी पुस्तकं सापडली, आठवडाभर रात्री जागून टिपणं काढली. एके रात्री लक्षात आलं की यात घरगुती वीज एकशेवीस व्होल्ट लिहिली आहे. तो अमेरिकेचा कोड निघाला! दर तीन वर्षांनी त्यांची नवी आवृत्ती येते आणि तिथली राज्यं किंवा शहरं आपापला कायदा करून ती स्वीकारतात; कुठे नवी लागू असते, कुठे अजून जुनीच चाललेली असते. आपल्याकडेही 'राष्ट्रीय विद्युत संहिता' आहे, ती भारतीय मानक ब्युरोची, १९८५ ची पहिली, मग २०११ ची, आणि योगायोगाने तिचीही आवृत्ती २०२३ ची. नाव तेच, साल तेच, देश वेगळा. शोधताना सोबत 'बीआयएस' (म्हणजे हेच ब्युरो) किंवा 'एसपी ३०' (या संहितेचा क्रमांक) टाका, म्हणजे माझ्यासारखा आठवडा वाया जाणार नाही.

पण त्या चुकीतून एक समज डोक्यात बसली, की आपल्याकडेही नगरपरिषदेने ठराव करून नवी संहिता स्वीकारायची असते. हाच समज घेऊन मी नगरपरिषदेत गेले.

गेले म्हणजे जाण्याचा प्रयत्न केला. २० मे ला आवक खिडकीवर उत्तर मिळालं, "मॅडम, आचारसंहिता आहे." ती संपायच्या आधीच नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक लागली, पुन्हा आचारसंहिता. मी एका संहितेसाठी आलेली, दुसरी संहिता मला दारातच अडवत होती. अखेर ३ जुलैला बांधकाम विभागात बसायला खुर्ची मिळाली.

तिथले अभियंता साहेब सभ्य होते. म्हणाले, "आम्ही नकाशा बघतो. साइड मार्जिन, उंची, एफएसआय, सेप्टिक टँक, रेन वॉटर हार्वेस्टिंग. वायरिंग वीज कंपनीचं काम." तिथून उठून मी वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात गेले. "मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या पुढे ग्राहकाचं. कनेक्शन देताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट घेतो की." टेस्ट रिपोर्ट म्हणजे काय ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. हा शब्द लक्षात ठेवा, सगळी कथा त्याच्याभोवती फिरते.

दोघांनीही जाता जाता एकच पत्ता दिला, जळगावचं विद्युत निरीक्षक कार्यालय. १६ जुलैला निघाले. महिलांना अर्धं तिकीट असल्याने खर्च किरकोळ, पण दुसऱ्या दिवशी आषाढी. निम्म्या एसट्या पंढरपूरला गेलेल्या. दीड तास स्टँडवर उभी. वारीच्या आठवड्यात सरकारी कामाला एसटीने जाऊ नये, ही टीप कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

कार्यालयात एक ज्येष्ठ अधिकारी भेटले. त्यांनी आधी आईची चौकशी केली, मग एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर पेन्सिलने चार चौकोन काढले. तो लिफाफा माझ्याकडे अजून आहे.

पहिला चौकोन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा, दिल्लीचा. वीज कायदा २००३ च्या कलम १७७ खाली हे प्राधिकरण सुरक्षेचे विनियम करतं. पूर्वी १९५६ चे भारतीय वीज नियम होते, त्यांच्या जागी २०१० चे विनियम आले, आणि २०२३ मध्ये तेही बदलून नवे आले. राजपत्रात छापले की देशभर लागू. कुठल्या नगरपरिषदेने त्यावर हात वर करायची गरज नाही. दुसरा चौकोन भारतीय मानक ब्युरोचा. वायरिंगचं मानक आयएस ७३२, १९८९ नंतर थेट २०१९ ला सुधारलेलं. अर्थिंगचं आयएस ३०४३, १९८७ नंतर २०१८ ला. आणि ती विद्युत संहिता. "ही पुस्तकं आहेत," ते म्हणाले, "पुस्तकाला स्वतःचा हात नसतो. कायदा त्याच्याकडे बोट दाखवतो तेव्हा त्याला हात फुटतो." तिसरा चौकोन राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा. तीही अशीच, नमुना म्हणून केलेली. पण आपल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने, म्हणजे सगळे यूडीसीपीआर म्हणतात त्या डिसेंबर २०२० च्या नियमावलीने, इमारतीतल्या विजेच्या कामासाठी या संहितेच्या भाग ८ कडे बोट दाखवलं आहे. चौथा चौकोन आमची नगरपरिषद, जी रोज याच यूडीसीपीआरखाली नकाशे पास करते.

मी विचारलं, "म्हणजे आमच्या नगरपरिषदेने नवा कोड स्वीकारायला काय करावं लागेल?"

"स्वीकारलेलाच आहे, मॅडम. त्यांना ते माहीत नाही, एवढंच."

परतीच्या एसटीत हेच वाक्य डोक्यात. आणि लिफाफा बघता बघता अजून एक गोष्ट टोचायला लागली. आमच्या घरातली चूक १९५६ च्या नियमांनीसुद्धा चूकच होती. अर्थिंग तेव्हाही लागतच होतं. नवा कोड, जुना कोड हा माझा प्रश्नच नव्हता. नियम दिल्लीहून निघतो तो आमच्या मोरीतल्या त्या तारेपर्यंत कुठल्या कागदावर बसून येतो, हा खरा प्रश्न होता. आणि असा कागद एकच होता, टेस्ट रिपोर्ट. कनेक्शन घेताना परवानाधारक ठेकेदार त्यावर लिहून देतो की इन्सुलेशन इतकं आहे, अर्थिंग इतकं आहे, काम नियमानुसार आहे.

तो कसा मिळतो हेही कळलं. एका ओळखीच्याने फोनवर सांगितलं, "सही आणून देतो, पाचशे रुपये. घरी यायचीही गरज नाही."

२२ जुलैला मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. ज्यांनी कधी टाकला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचं. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर तारखेसह शिक्का घ्यायचा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, बाई जेवायला गेल्या आहेत असं सांगितलं तरी थांबा. माझा पहिला मसुदा चारशे शब्दांचा झाला होता, त्यात आईच्या शॉकपासून वडिलांच्या कष्टांपर्यंत सगळं होतं. भावाने तो वाचून विचारलं, "हा अर्ज आहे की आत्मचरित्र?" कापून कापून दोन प्रश्न राहिले. पूर्णत्वाचा दाखला देताना विद्युत वायरिंगबाबत कोणता नियम तपासला जातो? आणि तपासणी-सूचीची प्रत द्यावी.

एकोणतिसाव्या दिवशी टपालाने उत्तर आलं, "सदरची माहिती वीज वितरण कंपनीशी संबंधित असल्याने त्यांच्याकडे अर्ज करावा." इथे मला थोडा आनंदच झाला, कारण तोवर मी कायदा वाचून बसले होते. माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल तर कलम ६(३) नुसार त्यांनीच पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचा असतो, नागरिकाला दुसरं दार दाखवून मोकळं व्हायचं नसतं. शिवाय तपासणी-सूची तर त्यांचीच होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला, पहिलं अपील केलं. त्याला वीस रुपयांचं स्टॅम्प. १ ऑक्टोबरला सुनावणी झाली. मी कापऱ्या आवाजात बोलले. कागद हातात असूनही कलमाचा आकडा विसरले, पुन्हा बघून सांगितला. पाच मिनिटांत संपलं. पंधरा दिवसांत माहिती द्या, असा आदेश झाला. १४ ऑक्टोबरला सहा पानं हातात पडली, बारा रुपये भरून. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली.

सहा पानांत चौदा मुद्द्यांची सूची होती. मार्जिन, पार्किंग, संडास, झाडं, पाणी साठवण. वीज हा शब्द एकदाच आला होता, तोही रस्त्यावरच्या तारांपासूनच्या अंतराबाबत.

दिवाळी झाली आणि ११ नोव्हेंबरला आम्ही आधी स्वतःचं घर उघडलं. दुसऱ्यांना शिकवायच्या आधी आपलं बघावं, हे आईचं म्हणणं.

खर्चाचा अंदाज हवा म्हणून आकडे देते. आमचं घर खाली-वर मिळून सात खोल्यांचं आहे. वायर, पाइप, बोर्ड, मजुरी मिळून १ लाख १८ हजार. दोन मजल्यांना दोन डीबी (वीज वाटून देणारे बोर्ड) आणि दोन आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारे स्विच) मिळून सव्वासात हजार. अर्थिंगचे दोन खड्डे, नऊ हजार. लाइटला दीडची, प्लगला अडीचची, गीझर आणि एसीच्या पॉइंटला चारची वायर (मापं चौरस मिलिमीटरमध्ये). जुनी पत्र्याच्या क्लिपांची लाकडी पट्टी काढली तर आतली तीन-बावीसची (जुन्या मापाची) वायर बोटांत पापडासारखी मोडत होती. तेवीस दिवस घरात धूळ. आई मावशीकडे पारोळ्याला, आणि रोज फोन, "काय व्हयनं वं, जायं का काम?"

अर्थिंगचा खड्डा मी बसून बघितला. आमच्याकडे तापीकाठची काळी माती, खोल. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती थर थर कोळसा आणि मीठ, वर फनेल, त्यावर सिमेंटचं झाकण. ही माती पावसाळ्यात पाइपला धरून ठेवते, पण एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ती पाइपापासून सुटते. नेमकं तेव्हाच घराघरात कुलर चालतात. म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्या फनेलमध्ये बादलीभर पाणी ओता. खान्देशात ही टीप बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

आरसीसीबी काय करते ते आप्पांनी आईला असं सांगितलं: जेवढी वीज घरात गेली तेवढी परत आली पाहिजे. वाटेत ३० मिलिअँपिअर जरी कमी भरली, म्हणजे कुणाच्या अंगातून वा ओल्या भिंतीतून जमिनीत गेली, की ती पटकन खाली पडते. एमसीबीला हे कळत नाही; ती जास्त भार आणि शॉर्टसर्किट बघते. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हाई आधी काब्र नही लावी?" उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आता आरसीसीबीचा खरा त्रास. बसवली आणि संध्याकाळी पडली. चढवली, पडली. रात्री आठला नेमकी पडायची. आप्पांचा मुलगा सहज म्हणाला, "बायपास करून देऊ का, ताई?" गावात निम्म्या आरसीसीबी अशाच बायपास होऊन शोभेला उरतात. आम्ही दोन रात्री एकेक एमसीबी पाडत बसलो. शेवटी जिन्याचा दिवा सापडला. तो टू-वे, म्हणजे खालून-वरून दोन्हीकडून लागणारा होता, फेज खालच्या डीबीतून आणि न्यूट्रल वरच्या. खालून गेलेली वीज वरून परत येत होती, म्हणून खालच्या आरसीसीबीला वाटायचं कुणीतरी चोरली. जिन्याला वेगळी न्यूट्रल ओढली आणि ती शांत झाली. तुमची पडत असेल तर तिला दोष देण्याआधी जिन्याचा दिवा बघा.

पाचशे रुपयांची सही मी घेतली नाही. इथे मोठेपणा काही नाही, चार महिने त्या कागदामागे फिरल्यावर तो खोटा घ्यायला लाजच वाटली. जळगावचा एक परवानाधारक ठेकेदार साडेतीन हजारांत प्रत्यक्ष यायला तयार झाला. त्याच्या परवान्याची मुदत मी आधी बघून घेतली, तुम्हीही बघा. ५ डिसेंबरला तो मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, घेऊन आला. सगळे दिवे-पंखे काढून, पाचशे व्होल्टवर प्रत्येक लाइन मोजली. किमान एक मेगाओहम हवा. सगळ्या खोल्या दोनशेच्या पुढे, स्वयंपाकघराची लाइन ०.४. मी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी छताकडे बघितलं. ओट्याच्या टाइलमागे एका खिळ्याने नवीकोरी वायर सोललेली निघाली. पाचशेच्या कागदावर ही लाइनसुद्धा दोनशेच झाली असती. अर्थिंगचा आकडा उलट, जितका कमी तितका बरा; मोजलं तर एका खड्ड्याचं १.९ ओहम, दुसऱ्याचं २.६.

त्याच रिपोर्टवर भार वाढवायचा अर्ज ऑनलाइन केला, एक किलोवॅटचा पाच. डिमांड नोट आली, पैसे भरले, माणूस बघून गेला, एकोणीस दिवसांत झालं. यात सांगण्यासारखं काही नाही, आणि हेच चांगलं.

आता नगरपरिषद. १६ डिसेंबरला आळीतल्या एकतीस जणांच्या सह्यांचं निवेदन दिलं. सह्या गोळा करताना लक्षात आलं की लोकांना कलमात रस नसतो. प्लास्टिकच्या पाइपला बांधलेल्या तारेची गोष्ट सांगितली की माणूस आधी आपली मोरी बघायला जातो आणि मग सही करतो. तेवढ्या फेरीत चार घरांत आमच्यासारखंच निघालं. एका काकांनी मात्र सही केली नाही. "अजून एक कागद वाढवाल, आणि त्याचेही पाचशे होतील," म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, पुढे वाचाल.

तेव्हा नगरपरिषदेत नगरसेवक नव्हते. निवडणुका रखडलेल्या, कारभार प्रशासकांकडे. सर्वसाधारण सभेत विषय कसा मांडायचा याची मी तयारी केली होती, पण सभाच नव्हती. २१ जानेवारी २०२५ ला मुख्याधिकाऱ्यांनी वेळ दिला, वीस मिनिटं. माझ्या तीन पानी निवेदनात शेवटची मागणी होती: नवीन विद्युत संहिता ठरावाने स्वीकारावी. त्यांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हे मी करू शकत नाही. यूडीसीपीआर शासनाची आहे, तिच्यात भर घालायचा अधिकार मला नाही. उद्या कोणी म्हणेल नगरपरिषदेने स्वतःचाच नियम काढला. पण जे नियमात आधीपासून आहे त्याचा पुरावा मागायला मला कोण अडवणार?"

लिफाफ्यावरचे चौकोन मला तोंडपाठ होते, तरीही मागणी लिहिताना मी जुनीच चूक केली होती. घरी येऊन तीन पानांचं अर्धं पान केलं. 'स्वीकारावी' खोडून 'तपासणी-सूचीत नोंद घ्यावी' लिहिलं. तुमच्या गावात हे करायचं असेल तर याच शब्दांत मागा. नवा नियम मागितलात तर फाइल मंत्रालयाच्या दिशेने जाईल आणि तिथेच राहील.

या मागणीवर नगरपरिषदेत झालेल्या बैठकीत दोन वास्तुविशारद आणि एक अभियंता होते. एकाने आडकाठी घेतली, लहान घरांना हा भुर्दंड कशाला. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला तर आता नकाशाची छाननीही होत नाही, पैसे भरल्याची पावती हीच परवानगी. मी म्हटलं, म्हणूनच त्या घरांना कोणीच बघत नाही. ते म्हणाले, म्हणूनच हा कागद त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

६ मार्चला परिपत्रक निघालं. पूर्णत्वाच्या अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा, त्यात इन्सुलेशन रोध, भूसंपर्कन रोध आणि ३० मि.अँ. आरसीसीबीची नोंद असावी. चौदाच्या सूचीत पंधरावा मुद्दा, एका ओळीचा. पहिल्या आठवड्यात दोघांनी मला फोन करून विचारलं, हे भूसंपर्कन म्हणजे काय? अर्थिंग हो, म्हटलं.

एकूण हिशेब सांगायचा तर स्टॅम्प, झेरॉक्स, एसटी, टपाल मिळून या बाजूचा खर्च हजाराच्या आतच. अकरा किरकोळ रजा गेल्या. आई दर चतुर्थीला आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबते. महिन्यातून एकदा दाबा म्हटलं तर तारीख लक्षात राहत नाही, चतुर्थी राहते. दाबलं आणि लाइट गेले की ती समाधानाने "गई" म्हणते आणि पुन्हा चढवते. कुलर आम्ही बदलला नाही. तोच आहे, नव्या प्लगवर.

जूनमध्ये सहज बांधकाम विभागात गेले होते. अभियंता साहेबांनीच बोलावून तीन फायली समोर ठेवल्या, नव्या ओळीखाली आलेल्या पहिल्या तीन. तीन वेगळी घरं, तीन वेगळ्या वस्त्या, अर्थिंगचं रीडिंग तिन्हीकडे १.२ ओहम. शाई एक, अक्षर एक. इन्सुलेशनही तिन्हीकडे दोनशे. सही न करणारे काका आठवले. साहेब काही बोलले नाहीत, तिन्ही परत पाठवल्या आणि खालच्या बाबूंना सांगितलं, पुढच्या फाइलपासून खड्ड्याजवळ मीटर ठेवून काढलेला, तारीख दिसणारा फोटो सोबत मागा.

चौथी फाइल जुलैत आली. रीडिंग ३.८. ठेकेदाराने आधी मलाच फोन केला होता. खड्डा काल भरला, माती अजून बसली नाही, खरा आकडा लिहिला तर चालेल ना?